थोरकिल्ड सूप करायला शिकला

आमच्या बेटावर घरोघरी जाणारी नर्स म्हणजे मी. एब्बाला सप्टेंबरात रुग्णालयातून घरी पाठवलं, तेव्हापासून रोज सकाळी माझी सायकल तिच्या दाराशी लागायची. पोटाचा कॅन्सर. आता करण्यासारखं काही उरलं नाही, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं आणि तिने नवऱ्याला, थोरकिल्डला. त्याने मान डोलावली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेला.

थोरकिल्डने एकतीस वर्षं फेरीबोट चालवली. इंजिन डोळे मिटून उघडेल, पण घरातले चमचे कुठल्या खणात असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. एब्बासाठी रुग्णालयाचा पलंग आम्ही बैठकीच्या खोलीत आणून ठेवला होता, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. तिथून तिला ओटा दिसायचा.

एका मंगळवारी मी गेले, तर ओट्यावर सोललेली कोंबडी आणि तिच्यापुढे थोरकिल्ड, हात लोंबते सोडून उभा.

"ती तपकिरी, अंडी देईनाशी झालेली," एब्बा मला म्हणाली. "सकाळी यानेच मारली. रडत होता."

"वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं," तो आतून म्हणाला.

"खुराड्यात कुठला आलाय वारा?"

मी सिरिंजमध्ये औषध भरत होते तोवर तिने सुरुवातही केली. "मोठं पातेलं घे. ते नव्हे रे, त्याच्या मागचं. कोंबडी बुडेल एवढं पाणी घाल. गार घाल."

"गार का?"

"हळूहळू तापलं की रस पाण्यात उतरतो. जन्म पाण्यावर काढलास आणि हे मीच सांगायचं."

तो गालातल्या गालात हसला. पातेलं चढलं. ती थांबत थांबत, मध्येच श्वास घेत सांगत होती. वर करडा फेस येईल, तो काढत राहा. मग कांदा, गाजरं, मिरे. उकळ्या फुटू देऊ नकोस, पाणी नुसतं हलत राहिलं पाहिजे, चांगले दोन तास. बटाटे अगदी शेवटी.

"किती बटाटे?"

"मोठा असला तर एक. एकट्याला पुरतो."

सुरीचा आवाज थांबला. थोरकिल्ड दारात आला.

"एकट्याला म्हणजे?"

एब्बाने नजर पातेल्याकडे वळवली.

"तुला सूप प्यायचंच नाहीये," तो म्हणाला. "तीन दिवस घोटभर पाण्यावर आहेस. तू मला शिकवतेयस."

"मग? माझ्यामागे रोज पावाला लोणी लावून खाणार आहेस?"

"मला नाही शिकायचं. मी शिकलो की तू मोकळी होशील."

सुरी टेबलावर ठेवून तो मागच्या दाराने बाहेर गेला. खिडकीतून मला त्याची पाठ दिसत होती. खुराड्याच्या जाळीला धरून उभा होता. पातेल्यात बुडबुडे यायला लागले.

"मी काढू का फेस?" मी विचारलं.

"हात लावू नकोस," एब्बा म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. "येईल तो."

बऱ्याच वेळाने तो आला. कुणाकडे न बघता त्याने झारा घेतला आणि फेस काढू लागला.

"गॅस कमी कर," ती म्हणाली.

"केला."

चार वाजता मी पुन्हा गेले, तेव्हा तो वाडगा घेऊन तिच्याजवळ बसला होता. मी तिची मान उचलून धरली. दोन चमचे तिने गिळले. तिसरा ओठाच्या कडेने खाली आला, तो त्याने स्वेटरच्या बाहीने पुसला.

"मीठ?"

"बरोबर आहे. आणि बटाटेही मोडले नाहीत. कमाल केलीस."

तो वाडगा धुवायला उठला. नळ सुरू झाल्यावर एब्बाने माझं मनगट धरलं.

"चव कळली नाही गं. पंधरा दिवस कशालाच चव नाही. त्याला बोललीस तर बघ."

मी बोलले नाही. अजूनही नाही.

रविवारी सकाळी ती गेली. तो तेव्हा अंडी आणायला बाहेर गेला होता. मी पोचले तर अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन तिच्याशेजारी बसलेला. "दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती," तो मला सांगत राहिला. "दहासुद्धा नाही." टोपली त्याच्या हातातून काढून घ्यायला मला वेळ लागला.

महिन्याभराने पलंग परत न्यायला माणसं यायची होती, म्हणून मी गेले. त्यांची मुलगी डॉर्थे ऑलबोर्ग शहरातून आली होती. टेबलावर सूपचे दोन वाडगे होते. मला बघून थोरकिल्डने तिसरा काढला. मी नको म्हटलं तरी त्याने वाढलंच.

डॉर्थेने एक घोट घेतला आणि चमचा वाडग्यात ठेवला.

"आईसारखं नाही झालं, बाबा."

"नाही," थोरकिल्ड म्हणाला. "दर मंगळवारी करतो. होत नाही."

मग तिला रडू फुटलं. त्याने तिला थांबवलं नाही. शेजारी बसून तो तिच्यासाठी पाव कापत राहिला, एकेक पातळ तुकडा. ती डोळे पुसून खायला लागेपर्यंत अख्खा पाव कापून झाला होता.

मला अजून दोन घरं गाठायची होती. तरी मी बसून राहिले, आणि त्याने विचारल्यावर अजून थोडं वाढून घेतलं.