दूध पाजायची खुर्ची

अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण आहे. माझ्या बाबतीत जावयाच्या जागी सासरे होते आणि ते वैद्य नव्हते, खुर्च्यांच्या बैठका भरणारे कारागीर होते. माझ्या मते हे जास्त कठीण. वैद्याला निदान तुम्ही सांगितल्याशिवाय काही कळत नाही.

आमचं दुकान खाली आणि घर वर. बसच्या सीटा, न्हाव्याच्या खुर्च्या, दाताच्या दवाखान्यातली लांबलचक खुर्ची, थिएटरातल्या फाटक्या रांगा, सगळं आमच्याकडे दुरुस्तीला यायचं. जिना चढताना रेक्झिन, सरस आणि काथ्या यांचा मिळून एक वास यायचा. दुकान बंद होऊनही आता वर्षं झाली, तिथे मोबाईलची कव्हरं विकतात. तरी कुणाच्या नव्या गाडीत बसले की मी अजून क्षणभर त्या जिन्यातच असते. लोकांना माहेरचा वास आठवतो म्हणतात, मला सासरचा आठवतो.

सासऱ्यांना सगळी गल्ली गादीपती म्हणायची, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. त्यांची कामाची एक पद्धत होती. अर्धवट भरलेल्या खुर्चीवर ते गिऱ्हाइकाला बसवायचे आणि समोर उभं राहून त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. गिऱ्हाईक ‘छान आहे’ म्हणालं तरी यांचं समाधान नाही. ‘माणूस भिडेखातर काहीही बोलतो,’ ते म्हणायचे, ‘भुवया बोलत नाहीत.’ मग डाव्या बाजूला मूठभर काथ्या वाढवायचा किंवा काढायचा, आणि पुन्हा बसवायचं. बँकेच्या मॅनेजरलाही त्यांनी उठाबशा काढायला लावलेलं मी पाहिलंय. तो बिचारा शेवटी घामाघूम होऊन गेला, पण खुर्ची नेली ती आनंदाने.

मला दिवस गेले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. माझं लग्न व्हायच्या आधीच त्या गेल्या होत्या. माझी आई लांब राहायची आणि तिचा पाय मोडलेला. म्हणजे घरात बाईमाणूस मी एकटीच. बाळंतिणीसाठी काय काय करतात हे बाप-लेकांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा सासऱ्यांनी आपल्याला जे येतं ते करायला घेतलं. त्यांनी दूध पाजायची खुर्ची केली. कोपरं नीट टेकावीत म्हणून रुंद हात, नव्या स्प्रिंगा, वर फिकट पिवळं कापड. दुकानातली कामं खोळंबली, पण खुर्ची माझ्या आधी तयार झाली.

बाळंतपण लांबलं. जोर लावून लावून माझा जीव मेटाकुटीला आला आणि मग एकदाची मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप घरी आलो, असं सगळे म्हणाले. खरं तर तिघी आलो होतो. तिसरी माझी मूळव्याध, तिच्याबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं.

सासऱ्यांनी खुर्ची खिडकीशी मांडली आणि म्हणाले, “बस सूनबाई.”

मी मुलीला घेऊन बसले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. कळ गिळून मी म्हणाले, “छान झालीय, बाबा.”

ते माझ्या भुवयांकडे बघत राहिले. मी उठल्यावर त्यांनी खुर्ची उचलली आणि खाली नेली.

दुसऱ्या दिवशी ती वर आली, आतला काथ्या बदलून कापूस घातलेला. मी बसले, पुन्हा काजवे. खुर्ची पुन्हा खाली. मग फोम आला. मग फोमवर कापूस. एकदा त्यांनी स्प्रिंगाच काढून टाकल्या. उभ्या आयुष्यात एवढं चोखंदळ गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं, आणि मी तर प्रत्येक वेळी ‘छान’ म्हणत होते. माझं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

नवऱ्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, “पाठ दुखते जरा.” त्याने ते इमानदारीत वडिलांना सांगितलं. मग काय, खुर्चीची पाठ वीतभर उंच झाली, तिला मानेशी उशी लागली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. मी नवऱ्याला खरं का सांगितलं नाही, असं आता मुलगी मला विचारते. हिला काय सांगायचं? लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. ज्या नवऱ्यासमोर मी अजून जांभईसुद्धा तोंडावर हात ठेवून देत होते, त्याला हे कोणत्या शब्दांत सांगणार होते?

मी मुलीला उभ्यानेच पाजायला लागले, कपाटाला टेकून. ती नीट धरायच्या आत माझे पाय थरथरायचे आणि मी तिला बाजूला घ्यायचे. जेवायचेही उभ्याने. आणि हळूहळू जेवणंच कमी केलं, कारण जे पोटात जाईल ते सकाळी बाहेर येणार, आणि त्या सकाळची मला आदल्या संध्याकाळपासूनच भीती वाटायला लागायची. पाणीही बेताचंच प्यायचे. खाल्लं नाही तर सुटका, असा माझा हिशोब होता. या हिशोबाने बद्धकोष्ठ वाढतं हे मला कोण सांगणार, मी कुणाला विचारलंच नव्हतं. एकदा रक्त दिसलं तेव्हा मी न्हाणीघराच्या दाराला आतून टेकून रडले आणि बाहेर येऊन सांगितलं, डोळ्यात साबण गेला.

दूध आटायला लागलं. मुलगी किरकिर करायची, तोंड लावायची आणि वैतागून सोडून द्यायची. घरी येऊन बाळांना तपासणाऱ्या नर्सबाई होत्या. त्यांनी मुलीला काट्यावर ठेवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, “वजन वाढत नाहीये. पुढच्या खेपेलाही हेच असेल तर बाटली सुरू करू. त्यात वाईट काही नाही.”

वाईट काही नव्हतंच. कितीतरी मुलं बाटलीवर वाढतात आणि धडधाकट होतात. पण मला ती स्वतःची हार वाटत होती. तिला पाजता यावं एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच जमत नव्हतं. मी कुणाच्या कामाची नाही, असं मला त्या दिवसांत सारखं वाटायचं.

पुढच्या खेपेला नर्सबाई आल्या तेव्हा वजन तेवढंच होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी म्हणाले, उभी बरी आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. या बाईंचा आवाज असा की त्या वर बोलल्या की खाली दुकानात ऐकू जायचं.

“सकाळी पोट साफ होतं का?”

मी म्हणाले, “होतं.”

“ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. दुखतं का? रक्त जातं का?”

तेव्हा कुठे माझ्या तोंडून तो शब्द बाहेर पडला. मूळव्याध. म्हणाले आणि रडूच फुटलं. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि पावसापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सहज आवाजात सांगायला लागल्या. बाळंतपणात बऱ्याच जणींना होतं. जोर लावायचा नाही, भरपूर पाणी प्यायचं, भाज्या आणि फळं पोटभर खायची. कोमट पाण्याच्या टबात बसायचं, मलम लावायचं, कमोडवर बसताना पायांखाली बुटकं स्टूल घ्यायचं. रक्त थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं, लाजायचं नाही. आणि मुलीला कुशीवर आडवं होऊन पाजायचं.

“आडवं होऊन चालतं?” मी विचारलं.

“का नाही चालणार? बसूनच पाजायचं असं कुणी सांगितलं तुला?”

कुणीच सांगितलं नव्हतं. पण आमच्या घरात खुर्ची होती ना.

नर्सबाईंनी जायला दार उघडलं तर बाहेर जिन्यावर सासरे उभे. दोन्ही हातांत खुर्ची, नव्याने भरलेली. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. त्यांचे कान लालबुंद झाले होते. माझ्याकडे न बघता ते वळले आणि खुर्ची घेऊन पायरी पायरी खाली उतरले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

खालून हातोड्याचे आवाज येत राहिले. दुपारी न्हाणीघराच्या दाराशी एक बुटकं स्टूल होतं. नुसतं लाकडाचं चाललं असतं, पण गादीपतींच्या हातून ते होणं शक्य नव्हतं. पाय ठेवायच्या स्टुलालाही त्यांनी मऊ गादी केली होती, वर पाण्याने खराब होऊ नये म्हणून बसच्या सीटचं हिरवं रेक्झिन. मी हसले आणि हसतानाही दुखलं.

जेवायच्या वेळी माझं पान घेऊन मी नेहमीसारखी ओट्याशी उभी राहिले. नवरा आणि सासरे टेबलाशी बसले होते. नर्सबाईंनी पोटभर खा म्हणून बजावलं होतं, पण भीती काही एका दिवसात जात नाही. दोन घास खाल्ले आणि पान बाजूला सारलं.

“एवढंच?” सासऱ्यांनी विचारलं.

“भूक नाही, बाबा.”

ते ताट घेऊन उठले आणि ओट्याशी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना उभ्याने खाताना मी कधी पाहिलं नव्हतं. उभ्याने खाणं म्हणजे त्यांच्या धंद्याचा अपमान. आमच्या मधे थोडी जागा ठेवून ते जेवायला लागले, समोरच्या भिंतीकडे बघत.

“याची आई,” ते मुलाकडे मान करून म्हणाले, “हा झाला तेव्हा अशीच उभ्यानं जेवायची. कितीतरी महिने. मी बसून जेवायचो, ती समोर उभी. मला वाटायचं, माझा मान राखते.”

नवऱ्याचा हात ताटातच थांबला.

“मग तिचं दूध गेलं,” ते म्हणाले. “हा बाटलीवर वाढला. मी तिला म्हणायचो, तुझ्यातच दम नाही. चारचौघांतसुद्धा म्हणायचो, गमतीनं. ती हसायची. मी तिला कधी विचारलं नाही, तू बसत का नाहीस.”

मी पान पुन्हा पुढे ओढलं आणि जेवले. भाजी संपवली, वर दोन पेले पाणी प्याले. माझं होईपर्यंत ते शेजारी उभे होते, त्यांचं ताट कधीच रिकामं झालेलं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ सोपी नव्हती, पण रोजच्याइतकी वाईटही नव्हती. मी स्टुलावर पाय ठेवले, कोमट पाण्यात बसले, आणि मग मुलीला कुशीत घेऊन आडवी झाले. ती नीट चिकटली आणि सोडेना. पिता पिता झोपून जायची, मी पण. ते दिवस मला आयुष्यात परत मिळावेत असं वाटतं, दुखण्यासकट. दुपारचं ऊन पलंगावर आलेलं, खाली शिलाईचं मशीन चाललेलं, मुलीच्या घामेजलेल्या डोक्याचा वास, आणि दाराबाहेरून सासऱ्यांची हाक, “सूनबाई, पाणी प्यायलीस का?” ते दिवसभर विचारायचे. नवरा म्हणायचा, बाबांनी आता पाणपोई काढलीय.

नर्सबाई पुन्हा आल्या, मुलीला काट्यावर ठेवलं, आणि या वेळी आठ्या घातल्या नाहीत. “चांगलं वाढलंय,” त्या म्हणाल्या. “बाटली राहू दे.”

मी मुलीला कडेवर घेऊन स्वतः जिना उतरले. किती दिवसांनी दुकानात पाऊल टाकत होते. सासरे एका सीटला खिळे मारत होते, नवरा कापड कापत होता. मी सांगितलं, “बाबा, वजन वाढलं हिचं. बाटली नको म्हणाल्या.”

त्यांनी हातोडा खाली ठेवला. मला वाटलं, हसतील, मुलीला घ्यायला हात पुढे करतील. ते तसेच खाली बघत म्हणाले, “म्हणजे याच्या आईतही काही कमी नव्हतं.”

“नव्हतं, बाबा,” मी म्हणाले.