दोन कपाटांत कोंडलेली तार

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि मी रागावलेली आहे. पेटी म्हटल्यावर भजनातली पेटी डोळ्यांसमोर आणू नका. मला ना भाता, ना पट्ट्या. मी विटेएवढी, काळ्या पत्र्याची, अंगावर फिरवायच्या पाच खुंट्या आणि पायाने दाबायची दोन बटणं असलेली. गिटारची वायर एका बाजूने माझ्यात खुपसायची आणि दुसऱ्या बाजूने आवाज घ्यायचा. मधल्या मधे मी काय करते, हे आठ वर्षं माझ्यावर पाय ठेवणाऱ्या माणसालाही धड ठाऊक नव्हतं. म्हणून तुम्हाला आधी ते सांगते.

विजेच्या गिटारचा कच्चा आवाज कर्कश असतो. ताटावर चमचा घासल्यासारखा. तो कानाला गोड लागतो तो लाकडी कपाटामुळे. होय, कपाटच. स्पीकर बसवलेल्या त्या जड खोक्याला आमच्या फिनलंडमध्ये सगळे कपाटच म्हणतात. बोचरा आवाज ते आत अडवतं आणि उबदार तेवढा बाहेर सोडतं. मी त्या कपाटाची हुबेहूब नक्कल करते. शिवाय थोडा घुमारा आणि हवा तेवढा प्रतिध्वनी माझ्या पदरचा. म्हणजे चाळीस किलोंचं धूड उचलायला नको, मला पिशवीत टाकलं आणि निघालं.

ताम्पेरे शहराच्या कडेला एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या लोकांनी एक जुनं, नावाजलेलं कपाट खोलीत ठेवून त्याच्यासमोर माइक कधी मधोमध, कधी कडेला, कधी वीतभर लांब धरला होता. आवाज कुठून कसा येतो ते बारकाईने टिपलं आणि माझ्या पोटात भरलं. मला शेवटचं तपासणाऱ्या बाईंनी कानांवर हेडफोन चढवून दहा मिनिटं मला वाजवलं आणि मान हलवली. तेवढ्यावर मी खूश होते. नव्या वस्तूला आणखी काय लागतं?

मला विकत घेतलं ताइस्तो हुत्तुनेन याने. हा सावो भागातला फरशी बसवणारा माणूस. चाळीस वर्षं गुडघ्यांवर रांगून त्याने अर्ध्या तालुक्याच्या न्हाणीघरांना फरश्या घातल्या आणि गुडघे तिथेच ठेवून आला. तळ्याकाठच्या नाचमंडपात दर उन्हाळी शनिवारी तो गिटार वाजवायचा. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा त्याचं खरं कपाट पुतण्याकडे गेलं आणि माझी पिशवी त्याच्या खांद्यावर आली.

आमच्याकडे गिटारच्या त्या लखलखीत, थरथरत्या वाजवण्याला ‘लोखंडी तार’ म्हणतात. ताइस्तोची तार ऐकायला तीन गावांतली माणसं यायची. टँगोची दोन गाणी संपली की पुरुष आपापल्या जोडीदारणीला बाकापर्यंत पोचवायचे आणि परत येताना एखादा मंचाजवळ थांबून म्हणायचा, “काही वाईट नाही.” ताइस्तोचे कान लाल व्हायचे. सावोमध्ये याहून मोठं कौतुक कोणाच्या वाट्याला आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ते कौतुक निम्मं माझं होतं, पण माझ्याकडे बघून कोणी एकदाही तसं म्हटलं नाही. चालायचंच. सात उन्हाळे असे गेले आणि मी कधी कुरकूर केली नाही. दोन्ही अर्थांनी.

आठव्या उन्हाळ्यात मंडपात नवा मिक्सर आला. स्वयंपाकघरातला नव्हे, सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र करणारा. तो चालवायला साइला आली. चाळिशीची, शांत, कामाला चोख बाई. तिच्याबद्दल माझी तक्रार थोडीच आहे. जूनच्या पहिल्या शनिवारी तिने माझी वायर मिक्सरला जोडली आणि ताइस्तोला विचारलं,

“ताइस्तो, या मिक्सरमध्ये गिटारसाठी कपाट आहे. लावू का?”

आता बघा. प्रश्न सरळ होता. उत्तर एका शब्दाचं होतं. ‘नको’. कारण कपाट तर मी होते ना! पण ताइस्तो पडला सावोचा. तिथल्या माणसाला हो किंवा नाही म्हणायला लावणं म्हणजे बंद डब्याचं झाकण नखाने उघडणं. उद्या कोणी ‘तूच म्हणाला होतास’ म्हणायला नको, म्हणून ती माणसं शब्द असे ठेवतात की दोन्हीकडून पळता यावं.

“लावलं तरी चालेल,” ताइस्तो म्हणाला, “आणि नाही लावलं तरी काही अडायचं नाही.”

साइलाने क्षणभर वाट पाहिली. पुढे काही येत नाही असं पाहून तिने कपाट लावलं. लावल्याचं तिने सांगितलं नाही. लावलंस का, हे त्याने विचारलं नाही. ती कॉफीच्या खिडकीपाशी मिक्सर घेऊन बसली, तो मंचावर चढला. दोघांत अंतर होतं पंधरा पावलांचं.

आणि मी? मी आत एक कपाट, बाहेर मिक्सरचं दुसरं! माझ्यातून गाळून निघालेला आवाज तिकडे पुन्हा गाळला जात होता. पहिल्या गाळणीत बोचरेपणा गेला, दुसऱ्या गाळणीत जीवच गेला. स्वेटरवर स्वेटर चढवून आणि तोंडावर गोधडी घेऊन कोणी गाणं म्हणावं, तशी त्या संध्याकाळी ताइस्तोची तार वाजली. मी माझं काम चोख करत होते आणि माझीच शोभा होत होती. माझे तळपाय म्हणजे रबराची चार बुटकी बोंडं, त्यांची आग मस्तकात गेली.

आवाज वाईट आहे हे साइलाला ऐकू येत नव्हतं का? येत होतं! पण गिटारवाल्याच्या आवाजाला नावं ठेवणं म्हणजे त्याच्या बायकोच्या हातच्या जेवणाला नावं ठेवणं, असं ती मानायची. म्हाताऱ्याला असाच आवडत असेल, म्हणून ती गप्प. नाचणाऱ्यांना कळत नव्हतं का? कळत होतं! ती माणसं बाकाकडून परतताना आता मंचाजवळ थांबेनाशी झाली. मुकाट्याने कॉफी प्यायची, वेलदोड्याचा पाव खायची आणि घरी जायची. सगळ्या मंडपात एकालाही तोंड उघडावंसं वाटलं नाही.

ताइस्तोने काय करावं? त्याने माझ्यावर खापर फोडलं. तीक्ष्ण आवाजाची माझी खुंटी दर शनिवारी थोडी थोडी पिळत शेवटी टोकाला नेऊन ठेवली. माझ्या पोटात टिपलेली माइकची जागा कडेवरून मधोमध आणली. आत येणाऱ्या आवाजाची पातळी इतकी वाढवली की आवाज फाटला की पेटणारा माझा लाल दिवा विझेनासा झाला. खुंट्या हलू नयेत म्हणून वर चिकटपट्टी मारली. एकदा तर मला बुटाच्या टाचेने ठोकलं. सात वर्षांची सोबत आणि ही वागणूक! दोष असता तर मीच खाली मान घातली असती. पण मी निर्दोष होते हो!

जुलैच्या अखेरीस अकॉर्डियनवाला एन्सिओ एकदाचा बोलला. तो वाद्यवृंदाचा म्होरक्या आणि ताइस्तोचा शाळूसोबती. वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला,

“ताइस्तो, तुझी तार आजकाल लोकरीची झालीय रे.”

“झालीही असेल.”

“मोजे विणायला बरी.”

“मोज्यांपुरती तरी आहे.”

दोघं हसले. पण घरी जाताना गाडीत ताइस्तो रेडिओचा आवाज वाढवून, कमी करून, पुन्हा वाढवून बघत होता. मी मागच्या सीटवर होते. त्याला वाटायला लागलं होतं की दोष माझ्यातही नाही, त्याच्या कानांत आहे. वरचे सूर आपल्याला ऐकूच येत नाहीत, म्हणून आपण बोजड वाजवतो आणि लोक दयेपोटी बोलत नाहीत. कान तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं, वयाच्या मानाने ठीक आहेत. त्याने ऐकलं ते फक्त ‘वयाच्या मानाने’.

ऑगस्टच्या मध्यावर त्याने एन्सिओला सांगितलं, “हंगामाचा शेवटचा नाच माझ्याशिवाय करा. पुढचेही.”

“बरं,” एन्सिओ म्हणाला.

बरं! बावन्न वर्षांची मैत्री आणि ‘बरं’! का रे बाबा, काय झालं, एवढं विचारायला जीभ झडली असती? मला हात असते तर मी दोघांची डोकी एकमेकांवर आपटली असती.

मला त्याने सौनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीच्या, कपडे बदलायच्या खोलीत टाकलं. दर शनिवारी पलीकडे दगडांवर पाणी ओतलं जायचं आणि वाफ माझ्या भोकाभोकांत शिरायची. माझ्यावर ओले मोजे वाळत घातले जायचे. ज्या यंत्राच्या पोटात एका नामांकित कपाटाचा आवाज आहे, त्याच्यावर मोजे! दोन आठवडे मी तो अपमान सोसला.

शेवटच्या नाचाच्या दिवशी सकाळी ताइस्तोची बायको इर्या झाडू घेऊन आली. बाई टपाल वाटत आयुष्यभर दारोदार फिरलेली, त्यामुळे विचारायची लाज तिला कधीच नव्हती. तिने मोजे उचलले, खाली मी.

“ताइस्तो! ही इथे का मरायला टाकलीस?”

“ती गेलीय.”

“गेली म्हणजे? बघितलंस लावून?”

“बघायचं काय त्यात.”

“गावातल्या संगीतशाळेला देऊन टाकते मग. पण चालते का ते आधी बघ. बिघडलेली वस्तू मी कोणाच्या गळ्यात मारणार नाही.”

मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं गेलं. इर्याने माझी भोकं कोरड्या फडक्याने पुसली, चिकटपट्टी सोलून काढली. ताइस्तोने एका बाजूला गिटार जोडली आणि मिक्सर नव्हताच, म्हणून दुसऱ्या बाजूला हेडफोन. कानांवर चढवले. तार छेडली.

आणि ओरडला! हेडफोन ओरबाडून काढले आणि कान चोळत बसला. मी तरी काय करू? त्यानेच माझ्या खुंट्या टोकाला नेल्या होत्या. सुईसारखा आवाज थेट कानात गेला.

“काय झालं?” इर्या म्हणाली.

“टोचलं.”

“कुठे?”

“वर. वरचा सूर टोचला.” मग तो थांबला. हळूच म्हणाला, “इर्या, मला वरचा सूर ऐकू आला.”

मित्रांनो, यानंतर त्याने मला जसं हाताळलं, तसं पहिल्या दिवशीच प्रत्येकाने हाताळावं. आधी सगळ्या खुंट्या मध्यावर आणल्या. सगळ्यात जोरात तार छेडून बघितली आणि लाल दिवा पेटणार नाही इथवर पातळी उतरवली. मग कपाट निवडलं, माइक कडेला सरकवला. मग तीक्ष्ण आवाज, चिमूटभर. घुमारा आणि प्रतिध्वनी सगळ्यात शेवटी, जेवणात मीठ शेवटी चाखून बघावं तसे. एका वेळी एकच खुंटी, आणि दर खेपेला कान देऊन. मग त्याने एक अख्खी धून वाजवली. इर्याला नुसती तारांची टिकटिक ऐकू येत होती, पण ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली आणि चुलीवरची कॉफी उतू गेली.

“म्हणजे पेटी धड आणि कानही धड,” ती म्हणाली. “मग मंडपात काय होतं? साइलाला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात.”

इर्याने साइलाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

“साइला, सरळ विचारते. आमच्या ताइस्तोचा आवाज गोधडीतून का येतो?”

साइला म्हणाली, “मला वाटलं, त्याला तसाच आवडतो.”

“कसा आवडेल?”

“कपाट लावलंय ना त्याच्यावर. मी विचारलं होतं.”

“कपाट तर या पेटीत आहे!”

“पेटीतही आहे?” साइला म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, “अरे देवा. सगळा उन्हाळा.”

इर्या नवऱ्याकडे वळली. “तिने विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?”

ताइस्तो सांडलेली कॉफी पुसायला लागला. आपण काय म्हणालो ते त्याला लख्ख आठवत होतं. बारा शनिवार वाया गेले होते. एका म्हाताऱ्याने स्वतःला बहिरा ठरवलं होतं, मला मोज्यांखाली गाडलं होतं आणि कारण काय, तर एक शब्द तोंडातून निघाला नाही!

संध्याकाळी ऊन अजून तळ्यावर होतं, तेव्हा आम्ही मंडपात पोचलो. ताइस्तो आधी साइलाकडे गेला. “मिक्सरमधलं कपाट काढ,” तो म्हणाला. तिने एक बटण दाबलं. एकच. माझी वायर जोडली गेली. एन्सिओने भुवया उंचावल्या आणि जागा करून दिली.

मी वाजले, मित्रांनो! बायकांनी पुरुषांना नाचायला बोलवायची पाळी होती, पण पहिल्या दोन ओळी होईस्तोवर एकही बाई जागची हलली नाही. सगळे मंचाकडे बघत उभे होते. कॉफीच्या खिडकीतली माणसं बाहेर आली. साइला डोळे पुसत होती आणि मिक्सरला हात लावत नव्हती.

दोन गाण्यांनंतर एन्सिओने अकॉर्डियन मांडीवर टेकवलं. “मला वाटलं तू कंटाळलास,” तो म्हणाला. “विचारणार होतो.” मग घसा खाकरून म्हणाला, “पुढच्या उन्हाळ्यात असशील ना?”

ताइस्तोने तोंड उघडलं. मला वाटलं, आता ‘असेनही’ येणार.

“आहे,” तो म्हणाला. “आणि तू नाही विचारलंस त्याचा मला राग आलाय.”

“मलाही,” एन्सिओ अकॉर्डियन पुन्हा उचलत म्हणाला. “माझाच.”

माझी क्षमा अजून कोणी मागितलेली नाही. मी वाटही बघत नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्या हाती माझ्यासारखी एखादी वस्तू आली आणि ती नीट चालेना, तर तिला टाचेने ठोकण्याआधी शेजारच्या माणसाकडे जा आणि विचारा. आणि तुम्हाला कोणी विचारलं, तर हो म्हणा किंवा नको म्हणा. मला तोंड नाही, म्हणून मला सगळा उन्हाळा गप्प बसावं लागलं. तुम्हाला काय झालंय?