चढती रेघ

भिंतीवरच्या आलेखातली रेघ कुठे सावकाश चढत होती, तर कुठे जवळपास आडवी झाली होती. पण खाली मात्र केसभरही वाकली नव्हती. धाकटीने डोकं तिरपं करून ती पुन्हा पाहिली. विमा कंपनीसाठी ती रोज असे आलेख काढायची, आणि कधीच न उतरणारी विक्री तिने आजवर पाहिली नव्हती.

आलेख तिच्या दादाने काढलेला होता. वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, चष्म्याच्या दुकानात दरवर्षी नवा लागायचा. अण्णा गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता त्याकडे बोट दाखवायचे.

तिने दादाला मागच्या खोलीत नेऊन विचारलं. त्याने लपवलं नाही. आकडे खरेच होते, फक्त तो प्रत्येक महिन्याची विक्री आधीच्या सगळ्या बेरजेत मिळवत गेला होता.

"अशाने मेलेल्या माणसाचं वयही वाढतच राहील की रे," ती म्हणाली.

दादा हसला नाही. आई गेल्यावर अण्णांना उतरती रेघ दाखवायचा धीर झाला नाही, एवढंच तो म्हणाला. दुकानाचं काय करायचं, असं तो दर वर्षी विचारायचा. अण्णा दर वर्षी "बघू" म्हणायचे.

आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटलं. आला नाही. तिने हिशेबाच्या वह्या मागून घेतल्या आणि दुपारभर बसून नवा आलेख काढला. प्रत्येक वर्षाला एक खांब, खांबाची उंची म्हणजे त्या वर्षीचा खर्च. विक्रीतून भागलेला भाग निळा, बाहेरून भरलेला राखाडी. रंग भरताना हात स्थिर होता. जणू कुणा परक्याचं दुकान.

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तिने कागद अण्णांसमोर ठेवला.

"आल्या आमच्या मोठ्या कंपनीच्या बाई," अण्णा म्हणाले. "उंटावरून शेळ्या हाकायला." चष्मा कपाळावरून खाली ओढून ते वाकले. निळा भाग खांबागणिक बुटका होत गेला होता. त्यांचं बोट निळ्यावर थांबलंच नाही.

"हे राखाडी कसलं?"

दादा भिंतीकडे पाहू लागला.

"आईच्या नावची ठेव मोडून भरलेलं," धाकटीने सांगितलं.

अण्णांनी बोट शेवटच्या खांबावर ठेवलं. तिथे निम्म्याहून जास्त राखाडी होतं. बाहेर काच घासायच्या यंत्राशी दोघे कारागीर कशावरून तरी हुज्जत घालत होते. दोघांची उभी हयात इथेच गेली होती.

"त्यांचं देणं भागेल एवढं उरलंय?"

"आत्ता थांबलो तर भागेल," धाकटी म्हणाली. "आणखी एक वर्ष काढलं तर नाही."

अण्णांनी मान हलवली. आवाज रोजचाच होता, गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तसा.

"दुकान बंद करायचं. त्या दोघांना मीच सांगतो."