कोरा माल

सिल्वासाजवळ गलोंड्याच्या एका कारखान्यात काचेचे मणी बनत, पण गळ्यात घालायचे नव्हेत. हे रव्याएवढे बारीक. रस्त्यावर पांढरा पट्टा ओढला की ओल्या रंगावर हे मणी शिंपडतात, म्हणून अंधारात गाडीचा उजेड पडला की पट्टा चमकतो. आपण त्या पट्ट्याच्या भरवशावर घरी पोचतो आणि श्रेय हेडलाइटला देऊन मोकळे होतो.

मंगला शहाद्याकडची. सात वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर तिने पोती शिवली होती. पंधरा दिवसांपूर्वी ती पॅकिंगची प्रमुख झाली, पण कच्ची. महिनाभर काम बघायचं, ठीक झालं तर कंपनीच्या हजेरीवर पक्कं, चुकलं तर परत सुई-दोरा, असं ठरलेलं. सातवी शिकलेली बाई काय वाचणार, असं ऑफिसात कुणीतरी म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिने ते मनाला लावून घेतलं नाही. मराठी-हिंदी येतच होतं, आणि सिल्वासातल्या दुकानांच्या पाट्या वाचून वाचून गुजराती अक्षरंही तिने पाठ करून टाकली होती. वाचण्यात आपण चुकणार नाही याची तिला पक्की खात्री होती. माशी शिंकली ती नेमकी तिथेच.

कारखान्यात मण्यांच्या जाती दोन. रस्त्याच्या मण्यांवर पाणी न धरणारा लेप चढवतात, नाहीतर दमट हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि पट्टा मारायच्या मशीनमधून धड पडत नाहीत. दुसऱ्यांवर लेप नसतो. ते हवेच्या जोराने लोखंडावर मारून गंज काढतात. दिसायला दोन्ही जुळ्या भावांसारखे. लेपवाले पिवळ्या पोत्यात भरायचे, बिनलेपाचे पांढऱ्या, आणि हे भान पॅकिंगने ठेवायचं.

त्या दुपारी सुकवणीवरच्या नगीनभाईने पिंपांच्या दोन रांगा बाहेर लावल्या आणि तो जेवायला गेला. एका रांगेवर खडूने, गुजरातीत, लिहिलेलं होतं: ‘कोरा’. दुसरी रांग बिननावाची. मंगलाला कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. कोरा कागद, कोरा चहा, तसा कोरा माल. ज्यावर काही चढलेलं नाही तो. तिने ‘कोरा’ पांढऱ्या पोत्यांत भरायला लावला आणि दुसरी रांग पिवळ्या. चार वाजायच्या आत एक कमी चाळीस पिवळी पोती ट्रकवर चढलीसुद्धा.

शेवटचं पिवळं पोतं तिने हौसेने स्वतः शिवायला घेतलं. सप्टेंबरातला उकाडा, अंग घामाने नुसतं चिकट. पोत्याच्या तोंडात गेलेला हात बाहेर काढला तर मनगटाला मणी चिकटलेले. तिने झटकले, तरी पडेनात. सात वर्षांत लेपवाला मणी तिच्या ओल्या हाताला कधी चिकटला नव्हता. तो घरंगळून जायचा.

तिने ग्लासभर पाणी घेतलं आणि पिवळ्या पोत्यातली चिमूट त्यात सोडली. मणी सरळ तळाला गेले. दुसऱ्या ग्लासात पांढऱ्या पोत्यातली चिमूट सोडली, तर ते मणी पाण्यावर तसेच पसरून राहिले, दुधावर साय धरावी तसे.

नगीनभाई सुकवणीवरून हात पुसत आला. तिने त्याला खडूचं अक्षर दाखवलं. “हे कोरा कशाला लिहिलं भाऊ?”

“कोरा एटले सुका, मंगलाबेन. कोटिंग झाला, सुकला, आता भरून टाका.”

“आणि ही दुसरी रांग?”

“ए तो कोटिंग वगरचा, बिनलेपाचा. त्याच्यावर काय लिहू?”

मंगलाच्या आधीचा प्रमुख वलसाडचा होता. त्याच्या गुजरातीत कोरा म्हणजे सुकाच, त्यामुळे इतकी वर्षं कधी घोटाळा झाला नाही.

बाहेर ट्रक सुरू झाला. तो गेला असता तर चूक कळायला पंधरा-वीस दिवस लागले असते, आणि तोवर तिचा महिना भरला असता. हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला तसा तिने तो हाकलून दिला, आणि ती जाऊन ट्रकसमोर उभी राहिली.

“गाडी बंद करो भैया. माल उतरेगा.”

“गेटपास बन गया है, मॅडम.”

“तो दूसरा बनेगा.”

गलका ऐकून श्रीधर साहेब बाहेर आले. नाशिकचे इंजिनिअर, मालाची तपासणी त्यांच्याकडे. मंगलाने दोन्ही ग्लास त्यांच्यापुढे धरले आणि सगळं सांगितलं.

“साहेब, भूल माझी,” नगीनभाई मध्येच म्हणाला.

“नाही साहेब. त्याने बरोबर लिहिलं, मी बरोबर वाचलं, तरी माल चुकला. पण भरायला मी लावलं, विचारलं नाही, म्हणून चूक माझी. उद्यापासून पिंपावरच्या अक्षरावर मी भरणार नाही. दर पिंपातली चिमूट पाण्यात टाकेन. पाण्याला ना मराठी येते ना गुजराती.”

श्रीधरांनी खिशातून पेन काढलं. “मंगलाताई, हे मला वर कळवावं लागेल. तुमचा महिना चालू आहे. काय होऊ शकतं, माहीत आहे ना?”

“माहीत आहे. लिहा. पण अर्धं नका लिहू. पोती कोणी भरली ते लिहा, आणि गाडी कोणी थांबवली तेही लिहा.”

श्रीधरांनी तिथेच पिंपावर कागद ठेवून लिहायला घेतलं. मंगला समोर उभी होती. तिने मान खाली घातली नाही. कागद तिच्या बाजूने उलटा होता. तरी तिने एकेक शब्द लावत तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला: ‘सदर कामगारास आजपासूनच पक्के करावे.’

या वेळी मात्र तिने विचारून घेतलं.

“साहेब, पक्कं म्हणजे पक्कंच ना?”