सगुणाबाईच्या तीन खाचा

मित्रांनो, मी एक जुनी, काठाचा टवका उडालेली काचेची बाटली आहे. माझ्या पोटातल्या औषधाने एक बाई मेली. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मला गरीब बिचारी समजण्याची चूक तुम्ही करणार नाही.

भोंगवलीच्या गेनबाने भोरच्या बाजारात मला डोक्याच्या तेलासकट विकत घेतलं. तेल संपलं, तरी त्याच्या बायकोने, सगुणाबाईने, मला टाकलं नाही. राखेने घासून कोनाड्यात ठेवलं. सन छत्तीस साली सगुणाबाईचे पाय सुजले, चार पावलांत धाप लागू लागली. तिची लेक चंद्रा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. "लेकीचं बाळंतपण माज्या हातानं करीन, मग काय व्हायचं ते हू दे," असं ती रोज म्हणायची. त्या काळी औषधासाठी बाटली घरूनच न्यावी लागे. म्हणून मी दवाखाना पाहिला.

भोरचे डॉक्टर सबनीस हुशार होते. हृदय थकलेल्या रोग्यांना एका झाडाच्या पानांचं औषध पिढ्यान्‌पिढ्या दिलं जात होतं. ते खरंच गुण देतं का, हे त्यांना पडताळून पाहायचं होतं. म्हणून एका रोग्याला औषध आणि पुढच्याला नुसतं रंगीत पाणी. चवीने कुणी ओळखू नये म्हणून दोन्हीत कडूजहर काडेचिराईत. रोग्यांना काही सांगायचं नाही, अशी कंपाउंडर मानसिंगला सक्त ताकीद होती. सगुणाबाईच्या वाट्याला पाणी आलं.

माझ्या पाठीवर बारा खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली. रोज सकाळी एक खाच, बारा दिवसांची बेगमी.

आठ दिवसांत सूज तसूभरही उतरली नाही. सगुणाबाईने स्वतःच डोकं चालवलं. "आजार मोटा आन् खाच एवढीशी. कसं भागंल?" असं म्हणून ती एका वेळी तीन खाचा पिऊ लागली. काही बिघडलं नाही. पाण्याने बिघडणार काय? पुढच्या खेपेला भरलेली मी चार दिवसांत रिकामी झाले. गेनबा मला घेऊन पुन्हा भोरला गेला. आत पाणीच आहे हे मानसिंगला ठाऊक होतं. एवढ्यात कशी संपली, हे त्याने विचारलंही नाही, मुकाट्याने भरून दिलं. तीन खाचा चालतात, असं सगुणाबाईने धरलं.

दोन महिन्यांनी डॉक्टरांची खात्री पटली. औषधवाल्यांची सूज उतरली होती, पाणीवाल्यांची नाही. त्यांना सगुणाबाईची कणव आली. "हिलाही आता खरं औषध द्या," ते मानसिंगला म्हणाले, "पण आधी पाणी होतं हे बोलू नका. उगाच बोभाटा होईल." मानसिंगने मला भरलं आणि सवयीने सांगितलं, "रोज एक खाच." गेनबाने सवयीने मान डोलावली.

तिने तीन घेतल्या. दुसऱ्या दिवशी धाप कमी झाली. तिसऱ्या दिवशी ती उठली, लेकीसाठी बाजेवर गोधडी घातली आणि हसली. मीही मूर्खासारखी खूश झाले. चौथ्या दिवशी पहाटेपासून ओकाऱ्या सुरू झाल्या. हे औषध जास्त झालं की सगळं पिवळं दिसू लागतं. चंद्रा दारात आली तेव्हा सगुणाबाई म्हणाली, "आगं, हळदीच्या अंगानं कशी आलीस? लगीन झालंय न्हवं तुजं?" चंद्रा रडू लागली. औषधानेच आराम पडेल म्हणून गेनबाने उरलेल्या तिन्ही खाचा बायकोला पाजल्या. दुपारी ती गेली. आठ दिवसांनी चंद्राचं बाळंतपण शेजारच्या अंबूबाईने केलं.

गेनबा मला घेऊन दवाखान्यात आला. "पयल्यापास्नं तीन तीन खाचा घेत व्हती, सायेब. तरी न्हाई वाचली. तुमी लई केलंत," असं म्हणून त्याने हात जोडले. डॉक्टरांनी मानसिंगकडे पाहिलं. मानसिंगने मला उचलून मेजावर ठेवलं. मग डॉक्टरांनी वही उघडली. सगुणाबाईचं नाव अजून पाण्याच्या रकान्यात होतं. त्यापुढे त्यांनी लिहिलं, 'मृत'. औषधाची बाजू आणखी भक्कम झाली.

मित्रांनो, कुणी हातात बाटली दिली तर आत काय आहे ते विचारा. आणि मोठे होऊन तुम्ही कुणाला बाटली द्याल, तेव्हा न विचारताही सांगा. 'बाई, आजपासून औषध वेगळं आहे,' एवढं एकाने जरी सांगितलं असतं, तरी सगुणाबाई एकच खाच प्यायली असती.