तुम्ही व्हा पुढे, मी देखावा बघतो

मी एक जुनी पायरी आहे, मित्रांनो. घराची नव्हे, देवळाचीही नव्हे. मी कुंपणाची पायरी. ओकच्या लाकडाचे दोन खांब, त्यांच्यामध्ये एक आडवं दांडकं आणि त्याच्या खालून आरपार गेलेली एक रुंद फळी, एवढाच माझा संसार. माणसाने फळीवर पाय ठेवायचा, खांबाला धरायचं आणि दुसरा पाय दांडक्यावरून पलीकडे टाकायचा. मेंढीला हे जमत नाही. म्हणून मेंढ्या शेतात राहतात आणि माणसं पुढे जातात.

आमच्या इंग्लंडमधल्या चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या आहेत. फळ्यावर लिहिता ना तुम्ही, तोच खडू. वर वीतभर माती, त्यात गारगोट्या आणि खाली सगळं पांढरं. पावसाळी दिवसांत वाट अशी निसरडी होते की भले भले बसकण मारतात आणि मागची बाजू पांढरी करून घरी जातात. या टेकड्यांवर बीच नावाच्या उंच झाडांचं दाट रान आहे. त्या रानातून, शेतांतून, गावांतून एक लांबलचक पायवाट सगळ्या टेकड्यांना वळसा घालून पुन्हा निघाली तिथेच येते. शेत कुणाचंही असो, वाट सगळ्यांची. ती कुणाला अडवता येत नाही. म्हणून तर जिथे जिथे कुंपण, तिथे तिथे माझ्यासारखी एक पायरी असते.

मला घडवलं ह्यूबर्ट टॅपिंग नावाच्या म्हाताऱ्या सुताराने. बीच खुर्चीला आणि ओक पावसाला, असं तो म्हणायचा. कारण बीचचं लाकूड घरात पिढ्यानपिढ्या टिकतं, पण बाहेर ठेवलं की दोन-चार हिवाळ्यांत कुजतं. माझे खांब पुरताना त्याची कुदळ गारगोट्यांवर आपटून ठिणग्या उडत होत्या. शेताचा मालक कुंपणापाशी उभा राहून सल्ले देत होता.

"टॅपिंग, फळी एवढी रुंद कशाला ठेवलीस? लोक बसतील की तिच्यावर."

"बसू देत की! चढून येतात, दमतात बिचारे. तुझ्या मांडीवर बसताहेत का?"

मालकाने पुन्हा सल्ला दिला नाही. त्या रुंद फळीचा मला फार अभिमान वाटायचा. पुढे एक दिवस असा आला की वाटलं, ही फळी अरुंद असती, टोकदार असती, कुणालाच बसता आलं नसतं, तर किती बरं झालं असतं. तीच गोष्ट सांगायला मी आज तोंड उघडलं आहे.

माझ्यावरून हजारो माणसं गेली. कुणी गळ्यात नकाशा अडकवून, कुणी पाठीवर घराएवढं ओझं घेऊन. सगळी वाट सलग चालायची तर बरेच दिवस लागतात. म्हणून बहुतेक लोक ती तुकड्यातुकड्यांनी करतात. रविवारी एक तुकडा चालायचा आणि बसने घरी जायचं. पुढच्या वेळी जिथे सोडली तिथून पुन्हा सुरू.

आमच्याकडच्या माणसांच्या काही रीती आहेत. वाटेत कुणी भेटलं तर हवेबद्दल बोलायचं. धो धो पाऊस असला तरी "झाडांना बरं!" म्हणायचं. "कसे आहात?" विचारलं तर "तक्रार नाही" म्हणायचं, मग पाय मोडलेला का असेना. आणि सगळ्यात मोठी रीत चढावरची. चढून चढून छाती फुटायची वेळ आली तरी "दम लागला" असं म्हणायचं नाही. थांबायचं, कमरेवर हात ठेवायचे, लांब कुठेतरी बघायचं आणि म्हणायचं, "वा, काय देखावा!" मग बरोबरचे लोकही थांबतात, देखावा बघतात आणि आपापला श्वास गोळा करतात. सगळ्यांना सगळं कळतं. बोलत कुणी नाही. मला या रीतीची पूर्वी फार गंमत वाटायची.

डेस्मंड आणि ऑड्री पडफॅट हे नवरा-बायको माझे खास लाडके. तो खुर्च्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवू घालून थकलेली, पण जिभेने मुळीच न थकलेली. दोघांनी ठरवलं होतं की लांबची वाट संपूर्ण चालायची. माझ्यापाशी आले की फळीवर शेजारी शेजारी बसायचे. डब्यातली उकडलेली अंडी निघायची, थर्मासमधला चहा निघायचा आणि ऑड्रीची बोलणीही निघायची.

"किती हळू चालतोस रे! मघाशी एक गोगलगाय तुला ओलांडून गेली."

"तिला तुझ्या हातचा डबा खायचा नव्हता ना, म्हणून घाईत होती."

असं त्यांचं चालायचं. जाताना डेस्मंड माझ्या खांबावर थाप मारायचा. वाटांची डागडुजी करणारं गावातल्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं, त्यात तोही होता. माझी फळी एकदा तडकली, ती त्यानेच बदलली. नवी फळीही त्याने टॅपिंगच्या मापाची, तितकीच रुंद बसवली.

त्या दिवशी त्याच्यासोबत त्याचा मित्र मॉरिस होता. काम करता करता मॉरिसने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"चढ टाळा म्हणाले. हृदय कुरकुरतंय म्हणे." डेस्मंड हसला. "आता या गावात चढ टाळायचा म्हणजे दाराबाहेर पाऊलच टाकायला नको."

"ऑड्रीला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? एकच तुकडा राहिलाय आमचा. तो झाला की सांगतो. आत्ता सांगितलं तर कुलूप लावून बसेल घराला. उगाच गाजावाजा नको. तूही बोलायचं नाहीस."

मॉरिस काहीतरी म्हणणार होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि मग तो म्हणाला, "हवा बरी पडलीय आज."

मला त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात माझं दांडकं घालावंसं वाटलं.

शेवटच्या तुकड्याचा रविवार पानगळीत आला. सगळं रान तांबूस झालं होतं. तो तुकडा माझ्यावरून पलीकडे उतरून खालच्या गावात चर्चपाशी संपत होता. दोघांनी चालायला सुरुवात केली होती तीही तिथूनच. चर्चसमोरच्या पबमध्ये गरम जेवण घेऊन ते वाट पुरी झाल्याचा आनंद साजरा करणार होते. ऑड्री पुढे, डेस्मंड मागे. तो माझ्यापाशी पोचला तेव्हा त्याच्या ओठांचा रंग मला आवडला नाही.

"डेस्मंड, दोनला स्वयंपाकघर बंद करतात ते लोक. मागच्यासारखं पावात चीज घालून खायची वेळ आली ना, तर तुझ्याशी महिनाभर बोलणार नाही."

"खरंच? मग सावकाशच येतो."

"चावटपणा पुरे. चल."

"तू हो पुढे. माझंही जेवण सांगून ठेव. मी जरा देखावा बघतो."

"बघ बाबा. हल्ली तुझे देखावे फार वाढलेत." ती माझ्यावरून पलीकडे गेली आणि वळली. "बरा आहेस ना?"

"तक्रार नाही," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि ती उताराला लागली. तो माझ्या फळीवर बसला. त्याने खांब धरला, आणि तो कसा धरला होता ते फक्त मलाच कळत होतं. माझ्या आयुष्यात इतक्या जोराने मला कुणी धरलं नव्हतं.

थोड्या वेळाने दोन तरुण आले. "सगळं ठीक ना?" त्यांनी विचारलं.

"उत्तम. देखावा बघतोय. तुम्ही व्हा पुढे."

ते हसले आणि गेले. मग चालणाऱ्यांचा एक घोळका आला, चांगली वीस-पंचवीस माणसं. डेस्मंड वाटेतच बसला होता, म्हणून तो उठला! मित्रांनो, तो माणूस मरत होता आणि लोकांना वाट द्यायला उठून उभा राहिला. एकेक जण माझ्यावरून पलीकडे जात होता आणि प्रत्येकाला तो "माफ करा हं, मध्येच बसलो होतो" म्हणत होता. प्रत्येक जणही त्याला "छे छे, आम्हीच माफी मागतो" म्हणत होता. सगळे चांगले लोक. एकाच्याही मनात वाईट नव्हतं. शेवटचा माणूस गेल्यावर डेस्मंड बसला नाही, कोसळला.

मग एक बाई कुत्रा घेऊन आली. कुत्रा डेस्मंडच्या बुटांपाशी बसला आणि हलेचना. बाई दोरी ओढत म्हणाली, "माफ करा, असं कधी करत नाही हा. तुम्ही... बरे आहात ना?"

"हो हो. देखावा..." एवढंच त्याला म्हणता आलं.

ती थांबली. चार पावलं गेली, मागे वळून पाहिलं. पुन्हा यावं असं तिला वाटत होतं, मला ते स्पष्ट दिसत होतं. पण अनोळखी माणसाला पुन्हा पुन्हा कसं विचारायचं? त्याला राग आला तर? तिने कुत्र्याला जवळजवळ फरपटत नेलं. तो बराच वेळ खालून भुंकत होता.

मी लाकडाची. मला हाक मारता येत नाही, धावता येत नाही. मी फक्त त्याला पाठ टेकू दिली. त्याने डोकं माझ्या खांबाला टेकवलं. मग त्याची पकड सैल झाली. मी ती पकड घट्ट व्हायची वाट बघत राहिले.

ऑड्री परत आली ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच. "गार झालं सगळं! ती पोरगी दोनदा विचारून गेली, साहेब येताहेत की..." आणि मग ती थांबली.

तिने आरडाओरडा केला नाही. नेहमीसारखी त्याच्या शेजारी येऊन बसली आणि त्याचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला. तिने समोर बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "कसला देखावा रे? नुसती झाडं आहेत समोर. इथून काहीसुद्धा दिसत नाही."

खरं होतं ते. मी दाट रानाने वेढलेल्या एका चिमुकल्या शेताच्या कडेला उभी आहे. इकडे झाडं, तिकडे झाडं, मध्ये हातभर आभाळ. इथून कधीही कुणालाही देखावा दिसलेला नाही. त्या दोन तरुणांना हे दिसत होतं, कुत्रेवाल्या बाईलाही दिसत होतं. तरी "कसला देखावा?" असं कुणी विचारलं नाही.

त्यानंतर ऑड्री या वाटेने आली नाही. माझी फळी पुन्हा तडकली, पण आता ती बदलायला डेस्मंड नव्हता. म्हाताऱ्या माणसांना मी चढवेनाशी झाले. माझ्या जागी लोखंडी फाटक बसवायचं ठरलं आणि वसंतात एक दिवस मॉरिस हत्यारं घेऊन आला. त्याने कुदळ उचलली तोच उतारावरून ऑड्री येताना दिसली. बारीक झाली होती.

"काढणार म्हणे आज हिला," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा बसून घ्यावं."

मॉरिसने टोपी काढली. "बस ना. तुला एक सांगायचंच होतं. मंडळाने डेस्मंडच्या नावाने बाक करायला टाकलाय. वर टेकडीच्या माथ्यावर बसवू, जिथून सगळं खोरं दिसतं. पाटीवर लिहिणार आहोत, 'डेस्मंड पडफॅट, ज्याला इथला देखावा फार आवडायचा.'"

ऑड्री हसली. ते हसणं ऐकून मला भीती वाटली.

"त्याला देखावा आवडत नव्हता, मॉरिस. त्याला दम लागायचा."

मॉरिस टोपी हातात फिरवत राहिला.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "डॉक्टर बोलले मला नंतर. आणि तुझ्यापासून तो काही लपवायचा नाही."

"त्याने सांगितलं होतं, गाजावाजा नको."

"आणि मी त्याला विचारलं, बरा आहेस ना? एकदाच विचारलं. जेवण गार होईल म्हणून पुढे गेले." तिने माझ्या खांबावरून हात फिरवला, बरोबर तिथेच, जिथे त्याने धरलं होतं. "तू बोलला असतास तर मी दुसऱ्यांदा विचारलं असतं."

मॉरिसने थर्मास उघडला आणि तिला चहा ओतून दिला. आमच्याकडे बोलता आलं नाही की चहा ओततात. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "कशी आहेस तू?"

"तक्रार नाही," ऑड्री म्हणाली. सवयच ती.

मॉरिस उठला नाही. हवेबद्दल बोलला नाही. कुदळ बाजूला ठेवून तो तिच्या शेजारी माझ्या फळीवर बसला. "ऑड्री, पुन्हा विचारतो. कशी आहेस?"

तिने कप फळीवर ठेवला. "बरी नाही रे," ती म्हणाली. "अजिबात बरी नाही."

मग ती रडली. चालणारे लोक आले, थबकले, आणि मॉरिसने त्यांना हाताने शेताच्या मोठ्या फाटकातून वळसा घालून जायला सांगितलं. त्याने तिला गप्प केलं नाही. त्या दिवशी मला कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी काढलं.

आता मी रानाच्या कडेला ओल्या पानांत आडवी पडले आहे. माझ्या खांबांत किडे राहतात. लाकडाचं असंच व्हायचं, त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, माझं एक ऐका. वाटेत कुणी एकटं बसलेलं दिसलं आणि "मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे" असं म्हणालं, तर लगेच पुढे होऊ नका. वडील असतील, शेजारी असेल, वर्गातली एखादी मुलगी असेल, पुन्हा एकदा विचारा. फार तर काय होईल? तो माणूस तुमच्यावर चिडेल. चिडू दे. चिडायला माणूस जिवंत असावा लागतो.