मऊ, लांबट, वळवळणारं

"इथं उघडू नका हो! मला आधी बाहेर जाऊ द्या," असं म्हणत त्या माणसाने प्रयोगशाळेच्या खिडकीच्या फळीवर बाटली ठेवली आणि नाकाला रुमाल लावून तो मागे सरकला.

बाटली जॅमची होती. झाकणावर चिकटपट्टीचे इतके वेढे होते की आत साप आहे की काय असं वाटावं. तळाशी बोटभर गढूळ पाणी होतं आणि त्यात करड्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखं काहीतरी वळवळत होतं.

"कोणाचे?" जंतबाईंनी विचारलं.

"आईचे." त्याने रुमालाआडूनच हनुवटीने बाकाकडे दाखवलं.

बाकाच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. अंगाने काटकुळी, केस नीट विंचरलेले, दोन्ही हात मांडीवर. शेजारची जागा रिकामी होती, तरी मुलगा उभाच होता.

"जंत आहेत मॅडम," तो म्हणाला. "उन्हाळ्यापासून चाललंय. दर आठवड्याला औषध देतोय, तरी निघतातच. आता तुम्ही काय ते नाव लिहून द्या, म्हणजे मोठ्या डॉक्टरांकडून जबरी औषध घेता येईल."

जंतबाईंनी बाटली उजेडाकडे धरली. खरं तर त्यांना आज काहीच उजेडाकडे धरायचं नव्हतं. सकाळी आलेल्या शौचाच्या डब्यांपैकी एक पिशवीत सांडला होता, आणि ती पिशवी देणाऱ्या बाईने "जरा चिकट आहे हं" एवढंच सांगून ती त्यांच्या हातात ठेवली होती. एकाने शाळेच्या डब्यात नमुना आणला होता, वर मुलाचं नाव तसंच. तो म्हणे, डबा परत मिळेल ना? पलीकडच्या टेबलावर रक्त तपासणारा सहकारी दर अर्ध्या तासाने मान काढून "काय जंतबाई, आज मेनूत काय?" असं विचारत होता आणि स्वतःच हसत होता. हा विनोद तो नोकरीला लागल्यापासून करत होता. नमुन्यांची किळस जंतबाईंना कधीच वाटेनाशी झाली होती. माणसांचा मात्र त्यांना अलीकडे वीट येऊ लागला होता.

"जंतच आहेत," त्या म्हणाल्या. "बारीक जंत. दुपारी या."

म्हातारीने मान खाली घातली. तेवढ्यात एक पायाला बँडेज बांधलेला माणूस बाकावर येऊन बसला, तशी ती अंग चोरून आणखी कडेला सरकली. आता आणखी सरकली तर खाली पडेल, असं वाटून जंतबाईंनी बाटली उचलली आणि त्या आत गेल्या.

जंतबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, दिवसभर नमुन्यांत जंत शोधतात म्हणून पडलेलं, हे सांगायला नकोच. प्राणिशास्त्र शिकताना त्यांना वर्गीकरणाचं वेड लागलं होतं. एखादा जीव समोर ठेवायचा आणि विचारायचं, तुझं कोणाशी काय जुळतं? पंख आहेत म्हणून वटवाघूळ पक्ष्यांत बसत नाही, त्याची आई त्याला दूध पाजते. पाण्यात राहतो म्हणून देवमासा माशांत जात नाही. दिसण्याला फसू नका, राहण्याच्या जागेला फसू नका, शरीराची घडण बघा, असं त्यांचे सर सांगायचे. जंगलात जावं, कोणी न पाहिलेला एखादा कोळी शोधावा, त्याला नाव द्यावं, एवढंच त्या वयात मनात होतं. मग वडील अंथरुणाला खिळले आणि रुग्णालयातल्या ह्या जागेची जाहिरात आली. थोडे दिवस करू, म्हणून त्या आल्या आणि इथेच त्यांचे केस पांढरे झाले. जंगलाच्या जागी लोकांची आतडी आली, एवढाच काय तो फरक, असं त्या कधी कधी म्हणायच्या. ऐकणाऱ्याला ते हसू येण्यासारखं वाटायचं नाही.

पण एक गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. भिंगाखाली बघितल्याशिवाय कोणत्याही जिवाला नाव द्यायचं नाही. आणि आत्ता, त्या माणसाने जंत म्हटलं म्हणून त्यांनीही जंत म्हटलं होतं.

त्यांनी एक तुकडा काचेवर घेतला आणि डोळा लावला.

पहिल्यांदा दिसलं ते डोकं. काळसर, टणक, चांगलं ठसठशीत डोकं, पुढे चावणारे जबडे. जंतबाई खुर्चीत मागे टेकल्या. जंताला तोंड असतं, पण असं डोकं नसतं. त्यांनी पुन्हा बघितलं. अंग वेढ्यावेढ्यांचं, पाठीवर गडद चकत्या, आणि शेपटीच्या टोकाला एक आखूड नळी, पाण्याबाहेर काढून श्वास घ्यायला. पोटातल्या जंताला श्वासाची नळी कशाला लागेल? त्यांनी दुसरा काचेवर घेतला, मग तिसरा. सगळी एकाच घरची भावंडं. माशीच्या अळ्या होत्या त्या. मोरीच्या जाळीखाली जो बुळबुळीत थर साचतो, त्यात वाढणाऱ्या.

त्यांचे कान गरम झाले. कॉलेजात शेवटच्या वर्षाला असताना त्या पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच समजावायच्या. जळू, गांडूळ, अळी, जंत, सगळं मऊ, लांबट, वळवळणारं; पण तेवढ्यावरून त्यांचं नातं जुळत नाही. अळीचं नातं फुलपाखराशी आणि झुरळाशी, जंताशी नव्हे. मऊ-लांबट-वळवळणारं असा वर्ग शास्त्रात कुठेच नाही, तो फक्त माणसांच्या शिसारीत असतो. आणि ती शिसारी एकदा सुटली की त्या वर्गात काय काय भरती होईल, ह्याला धरबंद राहत नाही.

त्या खिडकीशी आल्या. "आत या. दोघंही."

मुलगा दारातच थबकला. "मी इथूनच ऐकतो."

"ह्या अळ्या तुम्हाला कुठे सापडल्या?"

"बाथरूममध्ये. आईची अंघोळ झाली की फरशीवर असतात. मिसेसनी पहिल्यांदा बघितलं. त्या दिवशी ती जेवलीच नाही."

"आणि तुमच्या अंघोळीनंतर?"

"आमच्या?" त्याला प्रश्नच कळला नाही. "आमच्यानंतर आम्ही कशाला बघू?"

रक्तवाल्या सहकाऱ्याने मान वर केली. आज पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर विनोद नव्हता.

"घरात काळजी घेतोय ना सगळी," मुलगा पुढे सांगू लागला. आवाजात चक्क अभिमान होता. "ताट-वाटी सेपरेट. अंथरूण गॅलरीत हलवलंय, तिथे हवा चांगली आहे. कपडे वेगळ्या बादलीत. पोराला सांगून ठेवलंय, आजीच्या मांडीवर बसायचं नाही. तोही शहाणा आहे. आजी जवळ आली की स्वतःच ओरडतो, जंत, जंत! शेवटी हायजीन म्हणून काही असतं."

जंतबाईंनी म्हातारीसाठी स्टूल ओढलं.

"आजी, इकडे या. ह्यात बघा. एक डोळा मिटा."

म्हातारी बसली. तिला बराच वेळ लागला. मग ती एकदम म्हणाली, "अगं बाई! डोकं आहे की ह्याला!"

"आहे ना? जंताला असं डोकं नसतं."

"आणि ही मागे नळी कसली?"

"श्वास घ्यायची. हे पोटातलं नव्हेच. मोरीच्या गाळात राहतं, गाळच खातं. साबण, तेल, केस, सगळं कुजून जे होतं ना, ते."

"मोठं झाल्यावर काय होतं ह्याचं?"

"माशी. एवढीशी, केसाळ. भिंतीला पंख पसरून चिकटून बसते."

म्हातारीने भिंगावरून डोळा काढला. "करड्या रंगाची? मारली की भुकटी होते ती?"

"तीच."

"त्या तर आमच्याकडे ढीगभर आहेत! सूनबाई पोराला सांगते, छोटी फुलपाखरं आहेत म्हणून." आणि ती हसली. तोंडावर हात धरून, आवाज न करता, खांदे हलवत हसली. मग थांबली. "म्हणजे माझ्या पोटातले नव्हते?"

"नव्हते."

"एकही?"

"एकही नाही. तुमची नीट तपासणी मी वेगळी करते. पण ह्या बाटलीत आहेत त्यांचा आणि तुमचा काडीचा संबंध नाही. आणि मघाशी मी न बघता बोलले, ते चुकलं माझं."

"मॅडम, हे शक्यच नाही," मुलगा आता दारातून एक पाऊल आत आला होता. "माझं टाइल्सचं दुकान आहे. आमचं बाथरूम म्हणजे गिऱ्हाइकांना नेऊन दाखवतो मी. मोरीचं झाकणसुद्धा टाइलचंच केलंय, कळतसुद्धा नाही कुठे आहे ते. कडेने पांढऱ्या सिमेंटने पॅक, पाणी जायला फक्त एक बारीक फट."

"मग साफ कसं करता?"

"साफ काय करायचंय? दिसतच नाही ना ते."

"आई शेवटी अंघोळ करते?"

"हो, आमचं सगळ्यांचं आटोपल्यावर."

"तोपर्यंत पाणी तुंबतं आणि गाळातल्या अळ्या फटीतून वर येतात. झाकण फोडून बघा आज. तुमच्या पांढऱ्या सिमेंटखाली काय आहे ते बघितल्यावर तुमची मिसेस आणखी चार दिवस जेवणार नाही."

रक्तवाला खोकल्याचं सोंग करून पलीकडे वळला. मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने आईकडे बघितलं नाही. तो फळीवर वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"मॅडम, मघाशी तुम्हीच जंत म्हणालात. तेच राहू द्या ना. काय फरक पडतो? एक औषध घेईल, विषय संपेल. आता घरी जाऊन मी काय सांगू? की आपल्या बाथरूममध्ये... मिसेसला किती लागेल ते. तिने किती काळजी घेतली सगळ्यांची."

"म्हणजे आईच्या अंगावर राहू दे म्हणता?"

"तिला काय होतंय? तिला सवय झालीय."

जंतबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. इस्त्रीचा शर्ट, कापलेली नखं, अंगाला साबणाचा चांगला वास. इतकी वर्षं माणसाच्या आतून निघणारं सगळं त्यांनी काचेवर पसरलं होतं आणि त्यातलं काहीच त्यांना इतकं ओशट वाटलं नव्हतं. ह्याला कुठे ठेवायचं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पाठीचा कणा आहे, केस आहेत, आईने दूध पाजलेलं आहे. शास्त्रात त्याची जागा पक्की होती आणि ती त्यांच्याच शेजारी होती, ह्याचीच त्यांना जास्त शिसारी आली.

"मी बघितलं तेच लिहीन," त्या म्हणाल्या.

"बाई, लिहिलं नाही तरी चालेल," म्हातारी म्हणाली. ती स्टुलावरून उठली होती. "तुम्ही बोललात आणि ह्याने ऐकलं. तेवढं पुष्कळ झालं."

"आई, चल आता, घरी जाऊन बोलू. गॅलरीतलं अंथरूण आत घेऊ आपण, बस?"

"नको. मी धाकटीकडे जाते."

"कुठे?"

"माझ्या बहिणीकडे. किती वर्षं बोलावतेय ती. एकटीच असते, म्हणते ये, दोघी राहू." म्हातारी बोलत होती मुलाशी, पण बघत होती जंतबाईंकडे. "सुरुवातीलाच जाणार होते मी. पण अंगात किडे पडले म्हणून पोराने घालवून दिलेली बाई, अशी कशी जाऊ कोणाच्या दारात? तिने लाख जवळ घेतलं असतं. मीच जेवताना ताट लांब ओढून बसले असते. मलासुद्धा माझी घाण वाटायला लागली होती हो बाई. रात्री हात अंगाला लागला तरी उठून धुवायचे."

रक्ताच्या टेबलावरचं यंत्र घरघरत होतं.

"आता माझी मी जाते," ती म्हणाली.

"असं काय करतेस? लोक काय म्हणतील? आणि पोरगा तुला विचारेल."

ह्यावर मात्र म्हातारीचा चेहरा हलला. "त्याला सांग, आजीला काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "एवढं सांगशील ना? का तेही मॅडमकडून लिहून नेतोस?"

ती बाहेर पडली. जंतबाई तिच्या मागोमाग पॅसेजपर्यंत गेल्या. प्रयोगशाळा तळघरात होती आणि रस्त्यावर जायला उंच पायऱ्यांचा जिना चढावा लागे. म्हातारी पहिल्या पायरीशी थांबून वर बघत होती. मुलगा घाईघाईने आला. आता त्याच्या तोंडावर रुमाल नव्हता. त्याने तिला धरायला हात पुढे केला.

म्हातारीने त्या हाताकडे बघितलं.

"बाटली ह्याच हाताने धरली होतीस ना?" ती म्हणाली. "आधी धुऊन ये."

तो गोंधळला. मग, लहान मुलासारखा, मुकाट्याने पॅसेजमधल्या बेसिनकडे गेला. नळ सोडला. साबणाची वडी झिजून चपटी झाली होती, तिला फेस येईना. तो तळवे घासत राहिला, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं, मग मनगटापर्यंत.

म्हातारीने कठडा धरला. एक पायरी चढली, दोन्ही पाय टेकवले, श्वास घेतला आणि दुसरी चढली. वर दाराशी पोचल्यावर तिने कपडे सारखे केले आणि मागे वळून न बघता ती उन्हात बाहेर पडली.

खाली नळ चालूच होता.